गरिबाघरची शिस्त

गरिबाच्या घरीं मुलांना मार फार बसतो, हें विधान आपल्याकडील सुशिक्षित समाजांत इतक्या सहजतेनें केलें जातें कीं, त्याचा पुरावा कोणी मागत नाहीं आणि त्याचें कारणहि कोणी विचारीत नाहीं. कारण ठरलेलेंच असतें : अडाणीपणा. ज्यास शिक्षण नाहीं त्यास संयम नाहीं, ज्यास संयम नाहीं त्याचा हात सुटतो, असा हा सरळ हिशेब आहे. या हिशेबांत एक मोठी सोय आहे. तो मांडणाऱ्यावर त्यामुळें कसलीच जबाबदारी येत नाहीं. दोष सारा मारणाऱ्याच्या स्वभावाचा व संस्कारांचा ठरतो, आणि उपदेशाचे चार शब्द सांगितले म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मानण्यास आपण मोकळे होतों. प्रस्तुत लेखांत या समजुतीची इतिहासाच्या साह्यानें परीक्षा करावयाची आहे.

ही परीक्षा सर्व काळांतील व सर्व देशांतील गरिबांविषयीं एकदम करूं गेल्यास हातीं कांहींच लागणार नाहीं. म्हणून एक निश्चित प्रदेश व एक निश्चित काळ पुढें ठेवतों : इंग्लंडांतील लँकेशायर व यॉर्कशायर परगण्यांतील कापसाच्या व लोकरीच्या गिरण्या, आणि एकोणिसावें शतक. गरीब आईबाप व त्यांचीं मुलें यांच्या तोंडचे शब्द येथील सरकारी कागदपत्रांत फार विपुलतेनें नोंदले गेले आहेत, हें याचें एक कारण. दुसरें कारण आपल्या अधिक जवळचें आहे. याच गिरण्यांचीं यंत्रें, त्यांचे तास आणि त्यांच्यावरील निर्बंध पुढें मुंबईस आले. तेव्हां तिकडील हकीकत आपल्या घराशीं कशी येऊन भिडते तें लेखाच्या उत्तरार्धांत दिसेल.

आरंभींच एक भ्रम दूर केला पाहिजे. मुलांना मारणें ही केवळ गरिबांची रीत कधींच नव्हती. ता. ३० जून १८३२ रोजीं ईटन येथील विख्यात विद्यालयाचे मुख्याध्यापक डॉ. जॉन कीट यांनीं ऐंशींहून अधिक विद्यार्थ्यांना फोकांनीं फटके दिले. हे विद्यार्थी उमरावांचे व धनिकांचे पुत्र होते. त्यांच्या पित्यांना स्वतः हात उचलण्याचें कारण पडत नसे. तें काम ते शुल्क भरून दुसऱ्याकडून करवून घेत, आणि त्यास शील घडविणें असें भारदस्त नांव होतें. तेव्हां गरीब मारीत व श्रीमंत मारीत नसत, असा भेद इतिहासांत सांपडत नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे. गरिबाच्या घरीं हा मार प्रसंगविशेषाचा न राहतां रोजच्या व्यवहाराचा भाग कां झाला, आणि ज्यांचें मुलांवर प्रेम होतें अशा आईबापांच्या हातूनहि तो कां घडला, हा तो प्रश्न होय.

त्याच १८३२ सालच्या उन्हाळ्यांत पार्लमेंटची एक समिति लंडनमध्यें साक्षी घेत होती. गिरण्यांतील मुलांचे तास दहांवर आणावे असें विधेयक मांडणारे मायकेल सॅडलर हे तिचे अध्यक्ष होते. तिच्यापुढें लीड्सजवळील स्टॅनिंगले गांवचा सॅम्युएल कूलसन नांवाचा एक शिंपी साक्षीस आला. त्याच्या मुली गिरणींत कामास होत्या. त्यानें सांगितलें कीं, कामाची निकड असे तेव्हां, म्हणजे सुमारें सहा आठवडे, मुली पहाटे तीन वाजतां गिरणींत जात व रात्रीं दहा किंवा साडेदहास सुटत. एवढ्या अवधींत न्याहारीस पाव तास, जेवणास अर्धा तास, व दुपारच्या पेयपानास पाव तास मिळे. त्यांना वेळेवर पोंचविण्यासाठीं आईला किंवा बापाला रात्रीं दोन वाजतां उठावें लागे. झोंप चार तासांहून अधिक होत नसे. पोरी जाग्या होत नसत. त्यांना झोंपेंतच उचलून जमिनीवर उभें करावें लागे, हलवावें लागे, आणि मग कपडे चढवावे लागत. पांच मिनिटें उशीर झाला तर पाव दिवसाची मजुरी कापली जाई. एरवीं मुलीला आठवड्यास तीन शिलिंग मिळत. या निकडीच्या दिवसांत ते तीन शिलिंग साडेसात पेन्स होत. म्हणजे सारी वाढ साडेसात पेन्सांची.

हाच बाप पुढें सांगतो कीं, आपण एकदां पंधरा दिवस परगांवीं जाऊन परत आलों तेव्हां थोरल्या मुलीचे खांदे पाहिले. तिला विचारलें तेव्हां ती म्हणाली, मुकादमानें पट्ट्यानें मारलें. पण तुम्ही त्याच्याकडे जाऊं नका, गेलांत तर आपलें काम जाईल.

सॅडलर समितीच्या या साक्षींविषयीं सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. त्या शपथेवर झाल्या नव्हत्या, आणि साक्षीदार बव्हंशीं विधेयकाच्या बाजूचेच निवडले होते. याच आक्षेपावरून १८३३ सालीं सरकारला निराळें कमिशन नेमावें लागलें. तेव्हां कूलसनच्या मुलींचे तास हे प्रत्येक गिरणीचे तास होते असें कोणी समजूं नये. स्वतः कूलसनहि तसें म्हणत नाहीं. परंतु येथें आपल्याला तासांची सरासरी काढावयाची नसून घरांत काय घडत होतें तें पाहावयाचें आहे, आणि तें या साक्षींत फार स्वच्छ दिसतें. रात्रीं दोन वाजतां झोंपलेल्या मुलीला गदगदा हलविणारा बाप निर्दय आहे काय? तो तिला हलवीत नसून पाव दिवसाची मजुरी वांचवीत आहे. आणि मुलगी मार लपविते ती बापाच्या भीतीनें नव्हे, तर बापाच्या मायेनें घर उपाशी पडेल या भीतीनें. प्रेम दोन्हीं बाजूंस आहे. त्याला वागावयास जागा तेवढी उरलेली नाहीं.

या एका घराच्या आधारानें आतां कारणांची फोड करूं.

पहिलें कारण घड्याळ. गिरण्यांच्या पूर्वीं गरिबांचीं मुलें काम करीत नसत असें नाहीं. खेड्यांतील विणकराच्या घरीं पांचसहा वर्षांचें पोरहि लोकर पिंजण्यास किंवा कांड्या भरण्यास बसे, आणि चुकलें तर चापटीहि खाई. परंतु तें काम घरच्या लयीनें चाले. सोमवारीं हात सैल पडत, शनिवारीं रात्र जागून माल पुरा होई; पोर थकलें तर तासभर झोंपूं शके. गिरणीची घंटा अशी सवड देत नाहीं. ती मुलाचें वय पाहत नाहीं, त्याची प्रकृति विचारीत नाहीं. घंटेचा व मुलाच्या शरीराचा जो विरोध, तो मिटविण्याचें काम मालकानें आईबापांवर सोंपविलें, आणि त्यासाठीं त्यांना वेतन न देतां केवळ दंडाची धास्ती दिली. आपल्या भाषेंत दंड म्हणजे पैशाची कपातहि, शासनहि आणि काठीहि. गिरणीच्या गांवांत हे तीन अर्थ एकामागून एक येत. कारखान्यांत दंड पैशाच्या रूपानें बसे आणि घरीं पोंचेपर्यंत त्याची काठी झालेली असे.

दुसरें कारण मजुरीची पद्धति. सूत काढण्याच्या ‘म्यूल’ नांवाच्या यंत्रावर जो कातणारा कामकरी असे त्यास मजुरी सुताच्या वजनावर मिळे. तुटलेले धागे सांधण्यासाठीं त्यास लहान मुलें लागत. त्यांना तो स्वतःच कामास लावी व आपल्याच मजुरींतून पैसे देई. पुष्कळ वेळां हीं मुलें त्याचींच किंवा नातलगांचीं असत. आतां पाहा. दुपार ढळल्यावर आठनऊ वर्षांचा मुलगा पेंगूं लागला. धागे तुटूं लागले. सूत कमी निघूं लागलें. नुकसान मालकाचें होण्यापूर्वीं बापाचें होतें. हात उचलतो तो बाप. १८३३ च्या कमिशनपुढें मालकांनीं वारंवार सांगितलें कीं, आम्ही मुलांना मारीत नाहीं. मारतात ते कामकरीच. हें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें होतें, आणि त्यांतच या व्यवस्थेची खुबी आहे. नगावर किंवा वजनावर मजुरी ठरविली म्हणजे मालकाला पट्टा हातांत धरावा लागत नाहीं. तो बापाच्या हातांत आपोआप येतो, आणि पुढें इतिहासांत नोंद होते ती बापाच्या क्रौर्याची.

तिसरें कारण बापाची घसरलेली प्रतिष्ठा. हातमागाच्या विणकरास शतकाच्या आरंभीं आठवड्याला वीस शिलिंगांच्या वर मिळकत होती. १८३० च्या सुमारास ती अनेक ठिकाणीं सहा शिलिंगांच्या आसपास आली. ज्यानें मुलाला आपली विद्या द्यावयाची, त्याच्या विद्येलाच मोल राहिलें नाहीं. कित्येक घरांत मुलांच्या मजुरीवर बाप जगूं लागला. धाकाखेरीज दुसरा कोणताहि अधिकार ज्याच्यापाशीं उरला नाहीं, तो धाकाचा उपयोग अधिक करतो. हें राज्यकर्त्यांविषयीं जितकें खरें तितकेंच कुटुंबप्रमुखाविषयींहि खरें आहे. यांत दारूची भर पडली कीं काय होई, तें निराळें सांगावयास नको.

चौथें कारण जागा. एका खोलींत पांचसहा माणसें, त्यांतील एक तान्हें, एक आजारी, एक रात्रीं जागून आलेला : अशा ठिकाणीं बालकाचें धांवणें, ओरडणें, विचारणें, जें सुखवस्तु घरांत त्याच्या तरतरीतपणाचें लक्षण मानलें जातें, तेंच अपराध ठरतें. मुलाला अंगणांत पाठवावें तर अंगण नाहीं. समजावीत बसावें तर आईला वेळ नाहीं. उगा राहणें हा अशा खोलीचा पहिला नियम होतो. हा नियम पाळविण्यासाठीं इंग्लंडांतील गिरण्यांच्या गांवीं तान्ह्या मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नांवाचें अफूमिश्रित औषध सर्रास पाजलें जाई. जें मूल अफूच्या वयापलीकडे गेलें त्याला चापट मिळे. दोहोंचा हेतु एकच.

पांचवें कारण भीति, आणि तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गरिबाच्या मुलाला चूक करण्याची मोकळीक नव्हती. धनिकाच्या मुलानें बागेंतील फळें चोरलीं तर ती खोडी. मजुराच्या मुलानें चोरलीं तर तो गुन्हा. १७८८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कैद्यांचा जो पहिला तांडा उतरला त्यांत जॉन हडसन नांवाचा एक धुराडीं साफ करणारा मुलगा होता. शिक्षा झाली तेव्हां त्याचें वय नऊ वर्षांचें होतें. १८३८ सालीं पार्कहर्स्ट येथें खास मुलांसाठीं तुरुंग निघाला, आणि तेथूनहि मुलें समुद्रापार पाठविलीं गेलीं. ज्या आईला हें ठाऊक आहे ती चोरलेल्या एका सफरचंदासाठीं मुलाला फोडून काढते, तेव्हां ती आपल्या मतें त्याला न्यायाधीशापासून वांचवीत असते. आज माझा मार खा, म्हणजे उद्यां सरकारचा खावा लागणार नाहीं, हा तिचा युक्तिवाद चुकीचा असेल, पण तो प्रेमशून्य नाहीं.

सहावें कारण सीबोम राउनट्री यांनीं यॉर्क शहराची पाहणी करून १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांपडतें. त्यांनीं दाखविलें कीं, मजुराचें दारिद्र्य सर्व आयुष्यभर सारखें नसतें. तो स्वतः लहान असतां, त्याचीं मुलें लहान असतां, आणि म्हातारपणीं, अशा तीन वेळीं तें त्याला गांठतें. याचा आपल्या विषयाशीं फार निकटचा संबंध आहे. मुलाला ज्या वयांत अधिकांत अधिक धीर, वेळ व गोडीगुलाबी हवी असते, नेमक्या त्याच वर्षांत आईबापांपाशीं अन्न, झोंप व मनःशांति हीं कमींत कमी असतात. आणि त्या पित्याचें स्वतःचें बालपणहि अशाच टंचाईंत, बहुधा अशाच माराखालीं गेलेलें असतें. मार एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो केवळ सवय म्हणून नव्हे. ज्या परिस्थितींत तो उगवला ती परिस्थितीहि वारशानें येते.

एवढीं कारणें सांगितल्यावर एक आक्षेप सहज येईल. हीं सर्व कारणें ज्या घरांत होतीं त्या प्रत्येक घरांत मार होता काय? नव्हता. जेन हंफ्रीज या विदुषींनीं त्या काळांतील सहाशेंहून अधिक श्रमजीवी माणसांचीं आत्मवृत्तें तपासून २०१० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आईविषयींची कृतज्ञता पानोपानीं आढळते. अर्धी भाकर मुलाला देऊन स्वतः भूक नाहीं म्हणणारी आई इंग्लंडांतहि होती. दारिद्र्य माणसाला क्रूर करतेंच, असा सिद्धान्त मांडणें म्हणजे गरिबांचा दुसऱ्या तऱ्हेनें अपमान करणें होय. दारिद्र्य काय करतें तें अधिक काळजीपूर्वक सांगितलें पाहिजे. तें माणसाच्या हातांतील दुसरे उपाय काढून घेतें. समजावण्यास वेळ लागतो, वाट पाहण्यास जागा लागते, क्षमा करण्यास नुकसान सोसण्याची ऐपत लागते. हीं तिन्ही ज्यापाशीं नाहींत त्याच्यापाशीं हात तेवढा उरतो. तरीहि ज्यांनीं तो उचलला नाहीं ते थोर खरे. पण थोरपणाच्या अपेक्षेवर कोणताहि समाज चालत नसतो.

मग या स्थितींत राज्यकर्त्यांनीं काय केलें? १८३३ च्या कमिशननें एक महत्त्वाचें तत्त्व मांडलें : लहान मूल स्वतंत्र करार करणारें माणूस नव्हे, त्याचें श्रम दुसरे विकतात, म्हणून येथें कायद्यानें हात घातला पाहिजे. त्याप्रमाणें बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई झाली, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे तास आठवड्यास ४८ ठरले, आणि चार तपासनीस नेमले गेले. परंतु इंग्लंडांत जन्माची सरकारी नोंद १८३७ पर्यंत नव्हती; मुलाचें वय त्याच्या उंचीवरून व दांतांवरून ठरे, आणि आईबाप खोटें बोलत. त्यांच्या खोटेपणाची पुष्कळ निंदा झाली. कायद्यानें मुलाची मजुरी काढून घेतली होती, बापाची वाढविली नव्हती, ही गोष्ट निंदकांच्या फारशी ध्यानांत आली नाहीं. पुढें अर्धा दिवस काम व अर्धा दिवस शाळा ही पद्धति १८४४ पासून चालली. ती बंद करण्यास खुद्द लँकेशायरच्या गिरणीकामगारांच्या संघांनींच दीर्घकाळ विरोध केला, आणि १९१८ च्या कायद्यानेंच तिचा शेवट झाला.

दुसरीकडे मुलांस क्रूरपणें वागविणाऱ्या आईबापांना शिक्षा देणारा कायदा १८८९ सालीं झाला. गुरांच्या छळास मनाई करणारा कायदा त्यापूर्वीं सदुसष्ट वर्षें, १८२२ सालींच झाला होता, याची आठवण त्या वेळींहि अनेकांनीं करून दिली. १८८९ चा कायदा अवश्य होता. त्यानें कित्येक मुलांचे प्राण वांचले असतील. पण त्याच्या दृष्टीला दिसे तो घरांतील माणूस. घराबाहेरील घंटा दिसत नसे. ही उणीव भरून काढण्याचा यत्न मॉड पेंबर रीव्ह्ज व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं केला. लंडनच्या लँबेथ भागांत आठवड्यास सुमारें एक पौंडावर संसार करणाऱ्या कुटुंबांचे जमाखर्च त्यांनीं १९०९ पासून बारकाईनें लिहवून घेतले व १९१३ सालीं पुस्तकरूपानें छापले. निष्कर्ष असा निघाला कीं, या आया अडाणी अथवा बेफिकीर नाहींत. एवढ्या पैशांत व एवढ्या जागेंत कोणीहि विदुषी याहून चांगला संसार करूं शकणार नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं येथें गिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला, आणि यंत्रें लँकेशायरहून आलीं. मागोमाग तेथील वादहि आला. १८८१ च्या पहिल्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांना मनाई केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास ठरविले. १८९१ सालीं ही खालची मर्यादा नऊ वर्षें झाली व तास सात झाले. १९२२ सालीं ती बारा वर्षें झाली व तास सहा झाले. तेथील गांवांहून मुंबईची रचना मात्र कांहींशी निराळी होती. रत्नागिरी, साताऱ्याकडून आलेला कामकरी पुष्कळदां कुटुंब गांवींच ठेवी, आणि स्वतः खाणावळींत जेवे. ज्यानें बायकामुलें आणलीं त्याला मिळे ती चाळींतील एक खोली. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईचे निम्म्याहून अधिक लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असलेले आढळले. चौथ्या कारणाचें जें वर्णन वर केलें तें परळ-लालबागच्या चाळींस अक्षरशः लागू पडतें. तिकडे गॉडफ्रेज कॉर्डियल, इकडे बाळागोळी. गिरणींत जाणारी आई तान्ह्याला अफूची ही गोळी देऊन शेजारणीच्या किंवा म्हाताऱ्या सासूच्या हवालीं करी. तिच्यावर टीका करणारे पुष्कळ निघाले. पण बाळंतपणाच्या काळांत गिरणींतील स्त्रीस भत्ता मिळावा असा कायदा मुंबई इलाख्यांत १९२९ पर्यंत झाला नव्हता.

कर्जाचीहि एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगार-कमिशननें १९३१ च्या अहवालांत विडीच्या कारखान्यांतील मुलांची स्थिति नोंदविली. पांच वर्षांचीं मुलेंहि दहाबारा तास दोन आण्यांवर राबत, आणि त्यांना शारीरिक शिक्षा होत असावी असें मानण्यास जागा होती. कित्येक मुलांच्या आईबापांनीं मालकाकडून आगाऊ रक्कम घेऊन पोराचे श्रम गहाण टाकलेले असत. अशा मुलानें घरीं येऊन मालकानें मारल्याचें सांगितलें तर बाप काय करणार? रक्कम परत देण्याची ताकद नसलेला बाप मुलाचीच समजूत घालणार, आणि समजूत पटली नाहीं तर दुसऱ्या दिवशीं स्वतःच मारून पाठविणार. १९३३ च्या कायद्यानें असें गहाण बेकायदा ठरलें. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानें पंधरा वर्षांखालील कामकऱ्याला पैशाचा दंड करण्यास बंदी केली. हीं कलमें रुक्ष दिसतात. परंतु ज्या साखळीच्या शेवटीं मुलाची पाठ असते तिच्या वरच्या कड्यांवर घातलेले हे घाव होते, आणि उपदेशाच्या शंभर व्याख्यानांहून त्यांची किंमत मला अधिक वाटते.

इतिहासांतून काढलेला हा निष्कर्ष अलीकडील संशोधनाशींहि जुळतो. ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं १९३० नंतरच्या मंदींत वाढलेल्या मुलांचा अनेक वर्षें अभ्यास केला. मिळकत एकाएकीं बुडालेल्या घरांतील बाप चिडखोर होतात, त्यांची शिस्त लहरी व कठोर होते, असें त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आलें. हे बाप मंदीपूर्वीं अडाणी नव्हते, आणि मंदींत अडाणी झाले नाहींत. याच्या उलट दिशेचा दाखला उत्तर कॅरोलिनांतील चेरोकी लोकांत मिळतो. १९९६ सालीं तेथें जुगारगृह निघालें व त्याच्या नफ्याचा हिस्सा जमातीच्या प्रत्येक कुटुंबास मिळूं लागला. संशोधक तेथील मुलांची पाहणी आधींपासूनच करीत होते. या पैशानें जीं कुटुंबें दारिद्र्यांतून वर आलीं त्यांतील मुलांचें दांडगेपण व वर्तनदोष चार वर्षांत स्पष्टपणें कमी झाले, असें २००३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. आणि त्याचें मुख्य कारण आईबापांना मुलांकडे पाहण्यास वेळ मिळूं लागला, हें होतें. आईबापांना कोणी उपदेश केला नव्हता. उसंत मिळाली, एवढेंच.

याचा अर्थ कारण सांपडलें म्हणजे कृत्य क्षम्य झालें, असा कोणी करूं नये. मुलाची पाठ गरिबाची असो कीं श्रीमंताची, पट्ट्याचा वळ तिच्यावर सारखाच उठतो. बापाच्या अडचणी ऐकून तो कमी दुखत नाहीं. स्वीडननें १९७९ सालीं घरांतील मारहि बेकायदा ठरविला, आणि पुष्कळ देश त्याच्या मागोमाग गेले. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील छडी बंद केली. हें सर्व योग्यच झालें. परंतु एकट्या बापाचा हात धरून भागत नाहीं. त्या हाताला मागून कोण ढकलतें तेंहि पाहावें लागतें.

तें पाहण्याची गरज संपली आहे असें नाहीं. २०१६ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीस ठेवण्यास आपल्याकडे सर्वत्र मनाई झाली; मात्र शाळा सुटल्यावर व सुटींत स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यांत, तो धोक्याचा नसल्यास, मदत करण्याची मोकळीक राहिली. वरवर पाहतां ही मोकळीक निरुपद्रवी आहे. आई शिवते, मुलगी टांके घालते. यांत वाईट काय? पण शिवण, विणकाम, जरीकाम यांसारखे घरबसल्या होणारे कितीतरी धंदे आजहि नगावरच्या मजुरीचे आहेत, आणि नगाची मजुरी घरांत शिरली कीं काय होतें तें म्यूलवरच्या कातणाऱ्यानें दोनशें वर्षांपूर्वीं दाखवून ठेवलें आहे. संध्याकाळीं माल नेण्यास माणूस यावयाचा आहे, दहा नग कमी आहेत, आणि मुलगी पेंगत आहे. त्या खोलींतली आई काय करील हें तिच्या स्वभावावर जेवढें अवलंबून आहे, तेवढेंच त्या दहा नगांवरहि आहे. कूलसन शिंप्याच्या घरीं साडेसात पेन्सांचें जें मोल होतें, तेंच तेथें त्या दहा नगांचें असतें.